एपी लँगच्या निबंधाची शिकवणी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की ऑक्टोबरच्या सुमारास एक विषय हमखास निघतो: एपी लँगला, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेला, क्लास लावायचा का? शाळेत पहिले एक-दोन टाइम्ड निबंध झालेले असतात, 6 पैकी 3 किंवा 2 गुण घेऊन पोर घरी आलेलं असतं, आणि गणितात असा आकडा कधी न पाहिलेले आई-बाबा गडबडतात. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा सुरू होते. न्यू जर्सीतलं एडिसन किंवा कॅलिफोर्नियातलं फ्रिमाँट अशा ठिकाणी शनिवार-रविवारच्या क्लासेसना तोटा नाही. शिवाय झूमवरचे ट्यूटर आहेत, पुण्या-मुंबईहून शिकवणारे शिक्षक आहेत, निबंधामागे पैसे घेऊन तपासून देणाऱ्या सेवा आहेत आणि आता एआयही आहे.

या सगळ्या प्रकारांची पारख इथे केली आहे. क्लासेसची नावं घेतलेली नाहीत. एकाच क्लासमधल्या दोन शिक्षकांत इतकी तफावत असते की पाटीवरच्या नावावरून काहीच कळत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: तासांचे पैसे मोजू नका. तपासून परत आलेल्या आणि मुलाने पुन्हा लिहिलेल्या निबंधांचे मोजा. असं का, ते परीक्षेच्या गुणांच्या हिशेबातच आहे.

एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन ही कॉलेज बोर्डाची परीक्षा मे महिन्यात होते आणि एकूण 3 तास 15 मिनिटं चालते. पहिल्या तासात 45 बहुपर्यायी प्रश्न, त्यांना 45 टक्के वजन. उरलेल्या 2 तास 15 मिनिटांत तीन प्रकारचे तीन निबंध, त्यांना 55 टक्के: सिंथेसिस (दिलेले सोर्स, म्हणजे संदर्भ, वापरून आपली भूमिका मांडायची), ऱ्हेटॉरिकल अ‍ॅनॅलिसिस (दिलेल्या उताऱ्याचा लेखक आपलं म्हणणं कसं मांडतो याचं विश्लेषण) आणि आर्ग्युमेंट (स्वतःच्या उदाहरणांनी बाजू मांडायची). या वेळेतली 15 मिनिटं वाचनासाठी धरलेली आहेत आणि प्रत्येक निबंधाला 40 मिनिटं सुचवलेली आहेत. प्रत्येक निबंध 6 गुणांचा, म्हणजे तिन्ही मिळून 18. आता 55 ला 18 ने भागा. निबंधातला एक गुण साधारण 3 टक्क्यांचा होतो आणि बहुपर्यायी भागातला एक प्रश्न 1 टक्क्याचा. तिन्ही निबंधांत एकेक गुण वाढला तर नऊ बहुपर्यायी प्रश्न जास्त बरोबर आल्यासारखं आहे. तरीही बरेचसे क्लास निम्मा वेळ बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावात घालवतात. कारण उघड आहे. उत्तरपत्रिका आपोआप तपासली जाते, शिक्षकाला घरी नेऊन वाचावी लागत नाही.

निबंधाचे 6 गुण रुब्रिकच्या, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्याच्या, तीन ओळींत विभागलेले असतात. थीसिसला (निबंधाची मुख्य भूमिका) 1, एव्हिडन्स आणि कॉमेंटरीला (पुरावा आणि त्यावरचं विवेचन) 4, सोफिस्टिकेशनला 1. थीसिसचा गुण बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत पक्का करतात. अट एवढीच, की प्रश्न उलटून पुन्हा लिहायचा नाही, वाद घालता येईल अशी भूमिका घ्यायची. सोफिस्टिकेशनचा गुण थोड्यांनाच मिळतो. तो संपूर्ण निबंधभर दिसणाऱ्या विचाराच्या खोलीसाठी असतो. एखादं भारी वाक्य किंवा शेवटी चिकटवलेला 'दुसरी बाजू पाहता...' एवढ्यावर तो पदरात पडत नाही. या गुणाची खात्री देणारा क्लास दिसला तर तिथूनच परत फिरावं.

खरी लढाई मधल्या 4 गुणांची आहे, आणि त्यातही 2 वरून 3 वर जाण्याची. 2 गुणांच्या निबंधात पुरावा असतो आणि त्याचा मुद्द्याशी संबंध थोडाफार सांगितलेला असतो, पण तर्काची साखळी जुळत नाही. 3 गुणांसाठी प्रत्येक दाव्याला नेमका पुरावा लागतो आणि एकातून दुसरा मुद्दा निघताना दिसावा लागतो. 4 साठी हे शेवटपर्यंत, न डगमगता टिकवावं लागतं. ही पायरी व्याख्यान ऐकून चढता येत नाही.

उदाहरणासाठी 2019 चा दुसरा, ऱ्हेटॉरिकल अ‍ॅनॅलिसिसचा प्रश्न घेऊ. आपल्या मुलांना तो वाचायला द्याच. मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च 1930 मध्ये गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग उतारा म्हणून दिला होता. गांधींनी आपली बाजू मांडण्यासाठी लेखक म्हणून कोणते पर्याय निवडले, याचं विश्लेषण करायचं होतं. विद्यार्थी अर्थात इंग्रजीत लिहितात, इथे आशय मराठीत देतो.

साधारण मुलाचा परिच्छेद असा असतो: 'गांधी आदराची भाषा वापरतात. यामुळे इथॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता) तयार होतो आणि आयर्विनला त्यांचं म्हणणं पटतं.' यात चुकीचं काही नाही, पण ही वाक्यं उचलून जगातल्या कुठल्याही सभ्य पत्राखाली चिकटवता येतील. थोड्या तयारीचा मुलगा लिहितो: 'कायदा कोणत्या तारखेला मोडणार हे गांधी आधीच कळवतात. यातून त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.' इथे पुरावा नेमका आला, पण विवेचन एका विशेषणावर थांबलं. चांगला शिक्षक इथे उत्तर सांगत नाही, एकच प्रश्न विचारतो: 'तारीख कळल्यावर आयर्विनकडे कोणते मार्ग उरतात?' मग मुलगा विचार करायला लागतो आणि तिसऱ्या खेपेला लिहितो: 'तारीख आधी सांगून गांधी पुढची चाल व्हाइसरॉयवर सोपवतात. त्याने अटक केली तर ती आधी सूचना देणाऱ्या माणसाची अटक ठरेल, आणि गप्प बसला तर कायदा उघडपणे मोडला जाईल. ही धमकी नाही, असंही त्याच पत्रात म्हटल्यामुळे संघर्षाची जबाबदारी आपोआप सरकारवर येते.' पुढे हे पत्र गांधींनी एका इंग्रज तरुणाच्या हाती पाठवलं, हा तपशीलही उताऱ्यात आहे. साखळी जुळली असेल तर तो इथे सहज बसतो: भांडण इंग्रज माणसांशी नाही, राज्यकारभाराशी आहे, हे पत्र घेऊन येणारा माणूसच दाखवून देतो.

पहिल्यापासून तिसऱ्या परिच्छेदापर्यंतचा हा प्रवास म्हणजे एपी लँगची शिकवणी. त्याला शिक्षकाची अर्धा तास एकाग्रता आणि मुलाचं पुन्हा लिहिणं लागतं. कोणती सेवा हे किती वेळा घडवून आणते, यावरच तिची किंमत ठरवावी.

शनिवारचा क्लास

बॅचमध्ये आठ ते पंधरा मुलं, दीड-दोन तास, महिन्याची फी आगाऊ. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत इथॉस, पॅथॉस (भावनेला आवाहन), लोगोस (तर्काला आवाहन) आणि पन्नास-साठ अलंकारांची यादी पाठ करून घेतात. ही यादी म्हणजे या क्लासेसचा सगळ्यात मोठा दोष आहे. अलंकाराचं नाव ओळखण्याला या रुब्रिकमध्ये स्वतंत्र गुण नाही. 'अ‍ॅनाफोरा वापरला' असं लिहिणारा मुलगा आणि 'एकच शब्द सलग तीन वाक्यांच्या सुरुवातीला आणला' असं लिहिणारा मुलगा, दोघे गुणांच्या दृष्टीने सारखेच. त्या पुनरुक्तीने श्रोत्यांवर काय परिणाम साधला, हे जो सांगेल तो पुढे जातो. यादी पाठ केलेली मुलं उताऱ्यात अलंकार शोधत बसतात आणि लेखक काय म्हणतोय तेच निसटतं.

दुसरा दोष साच्याचा. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ठरलेली, जोडशब्द ठरलेले, शेवटचं वाक्य ठरलेलं. साचा पहिला महिनाभर आधार देतो, रिकाम्या पडद्याकडे पाहत बसणाऱ्या मुलाला तर नक्कीच. पण जानेवारीतही तोच चालू असेल तर मुलगा 2 गुणांवर अडकतो, कारण साच्यात वाक्य कुठे टाकायचं ते कळतं, एकातून दुसरं कसं निघतं ते कळत नाही.

तरीही बॅचला एक गोष्ट जमते जी एकट्या ट्यूटरला जमत नाही: मुलं एकमेकांचे निबंध वाचून गुण देऊ शकतात. आधी नमुना निबंध स्वतः तपासायचा, गुण लिहून ठेवायचे, मग खरे गुण पाहायचे आणि फरक का पडला यावर वाद घालायचा. हे नियमित करणारा क्लास सापडला तर फी वसूल. प्रवेश घेण्याआधी विचारा: महिन्यात माझ्या मुलाचे किती निबंध शेऱ्यांसह परत येतात? 'सगळे तपासतो' हे उत्तर पुरेसं नाही. मागच्या महिन्यातला, नाव झाकलेला, तपासलेला एक निबंध मागा.

एकास-एक ट्यूटर

सगळ्यात महाग आणि, शिक्षक योग्य असेल तर, सगळ्यात परिणामकारक. पण इथेही पैसे वाया जाण्याची एक ठरलेली जागा आहे. तासाच्या सुरुवातीला ट्यूटर प्रश्न देतो, मुलगा त्याच्यासमोर 40 मिनिटं लिहितो, उरलेल्या 20 मिनिटांत 'छान आहे, इथे आणखी एलॅबोरेट कर' एवढं होतं आणि तास संपतो. मुलगा लिहीत असताना बघत बसायचे पैसे कुणी का द्यावेत? निबंध घरी, घड्याळ लावून लिहावा आणि तासाच्या किमान एक दिवस आधी पाठवावा.

चांगल्या तासाची रचना साधारण अशी दिसते. पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्यात सुधारून लिहिलेला परिच्छेद मुलगा मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचताना अर्धवट राहिलेले विचार त्याचे त्यालाच ऐकू येतात. पुढची पंधरा मिनिटं नव्या निबंधातल्या दोनच मुद्द्यांवर, तिसऱ्यावर नाही. मग पंचवीस मिनिटं एकाच परिच्छेदाचं पुनर्लेखन. कीबोर्ड मुलाच्याच हातात, शिक्षक फक्त प्रश्न विचारतो. शेवटची दहा मिनिटं पुढच्या आठवड्याचा प्रश्न फोडून पाहायचा: काय विचारलंय, काय विचारलेलं नाही. शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये शिक्षकच भराभर टाइप करत असेल तर सावध व्हा. निबंध सुंदर होईल, पण मे महिन्यात तो शिक्षक परीक्षेला बसणार नाही. शाळेचा गृहपाठ अशा रीतीने 'दुरुस्त' होऊन गेला तर प्रकरण शिस्तभंगापर्यंतही जाऊ शकतं.

एक चाचणी करून पाहा. ट्यूटर लँग आणि लिट (एपी इंग्लिश लिटरेचर) या दोन परीक्षांत गल्लत करतो का? लिट म्हणजे कविता, कथा, नाटक. लँगमध्ये भाषणं, पत्रं, लेख, म्हणजे ललितेतर गद्य. लँगच्या तासाला कवितेतली प्रतीकं उलगडत बसणारा माणूस विद्वान असेल, पण तुमच्या कामाचा नाही.

भारतातून शिकवणारे शिक्षक

फी कमी, चिकाटी भरपूर, आणि निबंध वेळेवर तपासून देण्यात अनेकदा स्थानिक ट्यूटरपेक्षा सरस. अडचण सहसा दोन ठिकाणी येते. पहिली शिकवण्याची. काहींचा भर अजूनही व्याकरण, शब्दसंपत्ती आणि नटवलेल्या भाषेवर असतो. निबंध लाल खुणांनी भरून येतो, प्रत्येक अव्यय सुधारलेलं असतं, पण दुसऱ्या परिच्छेदातला दावा पहिल्याच्या विरोधात जातो हे कुणी लिहिलेलं नसतं. एपीचे परीक्षक हा निबंध वेळेच्या दडपणाखाली लिहिलेला कच्चा मसुदा आहे हे धरून चालतात. समजण्यात अडथळा येईपर्यंत स्पेलिंगच्या किरकोळ चुकांनी गुण जात नाहीत. हे सगळ्यांना लागू नाही, अमेरिकन रुब्रिक कोळून प्यायलेले शिक्षकही पुण्यात आहेत. ओळखायचं कसं? एक नमुना निबंध देऊन तिन्ही ओळींचे गुण वेगवेगळे आणि कारणासह मागा.

दुसरी अडचण घड्याळाची. शनिवारी सकाळी 9 ला न्यू जर्सीत तास ठेवला तर पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळचे 7:30 आणि उन्हाळी वेळेत 6:30. कॅलिफोर्नियातल्या सकाळी 9 ला तिकडे रात्रीचे 10:30 किंवा 9:30. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नेमकं परीक्षेला दोन महिने उरले असताना एक-दोन तास चुकतात. बुकिंग कुणाच्या वेळेनुसार, हे आधीच ठरवा. न्यू जर्सीत असाल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी 7 चा तास मागू नका. शिक्षक पहाटे साडेचार-साडेपाचला उठून बसेल, पण त्याचं लक्ष किती असेल ते सांगायला नको.

निबंधामागे पैसे घेणारी तपासणी

निबंध पाठवा, दोन-तीन दिवसांत शेरे येतील. तासिका नाही, गप्पा नाहीत. स्वतःहून लिहिणाऱ्या मुलासाठी आमच्या मते पैशाच्या मानाने हा सगळ्यात चांगला सौदा आहे, आणि स्वतःहून न लिहिणाऱ्या मुलासाठी निव्वळ वाया. दहा निबंधांचं पॅक घेऊन मार्चपर्यंत तीनच पाठवणारी मुलं असतातच.

इथे शेऱ्यांचा दर्जा तपासायचा. 'वीक अ‍ॅनॅलिसिस', 'गो डीपर', 'नाइस' हे शेरे नाहीत, शिक्के आहेत. चालणारा शेरा असा असतो: 'तिसऱ्या परिच्छेदात सोर्स सी उद्धृत केलास, पण त्यानंतरचं वाक्य सोर्सचाच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगतं. हा आकडा तुझ्या दाव्याला बळ कसं देतो ते एका वाक्यात लिही.' दोष कुठे, काय आणि पुढे काय करायचं, हे तिन्ही त्यात आहे. शेरे आठवड्यानंतर आले तर त्यांचा उपयोग जवळपास शून्य. तोवर आपण काय विचार करून लिहिलं होतं हेच मुलगा विसरलेला असतो.

एआय

व्याकरण आणि वाक्यरचना झटकन नीट करतो, आणि इथेच गोची आहे, कारण कमजोर विचारही तो गुळगुळीत करून देतो. गुण देताना हात सैल असतो, आणि उताऱ्याचा अर्थच चुकीचा लागला असेल तरी कौतुकाने सुरुवात करून पुढे जातो. 'सुधारून दे' म्हटलं की सगळा परिच्छेद बदलतो आणि मुलाचा सराव बुडतो. उपयोग करायचाच असेल तर असा: थीसिस द्या आणि म्हणा, 'याविरुद्ध तीन मुद्दे सांग, माझा निबंध लिहू नकोस.' त्या मुद्द्यांना उत्तरं मुलाने द्यावीत. शाळेचे नियम आधी वाचावेत हे ओघाने आलंच.

फुकटातलं

कॉलेज बोर्डाच्या एपी सेंट्रल या साइटवर मागच्या अनेक वर्षांचे निबंधाचे प्रश्न, विद्यार्थ्यांनी लिहिलेले नमुना निबंध, त्यांना मिळालेले गुण आणि ते का मिळाले याचं स्पष्टीकरण, हे सगळं विनामूल्य आहे. यासारखं साहित्य कुठल्याही क्लासकडे नाही. बहुतेक क्लासेसच्या फायलीत याच्याच प्रती असतात. पैसे मोजण्याआधी घरी दोन शनिवार हे करून पाहा: मुलाला गुण झाकून नमुने द्या, रुब्रिक हातात ठेवून गुण द्यायला लावा, मग बोर्डाचं स्पष्टीकरण वाचायला सांगा. जे मूल तिसऱ्या-चौथ्या नमुन्यापर्यंत बोर्डाच्या आसपास गुण देऊ लागतं, त्याला शिकवणीची गरज कमी आणि नुसत्या तपासणीची जास्त.

एक सूचना: 2019 पर्यंतच्या निबंधांना 9 गुणांचं जुनं रुब्रिक होतं, 6 गुणांचं नंतर आलं. जुने प्रश्न बिनधास्त वापरा, जुने गुण मात्र थेट लावू नका. क्लास तपासायचाही हाच सोपा मार्ग आहे. साहित्यात अजून 9 पैकी गुण दिसले, बहुपर्यायी प्रश्नांना पाच पर्याय दिसले (आता चारच असतात) किंवा सगळा सराव कागदावर चालला असेल, तर फाइल बरीच वर्षं उघडलेली नाही असं समजा. मे 2025 पासून ही परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपमध्ये पडद्यावर होते. निबंध टाइप करायचे असतात. उतारा एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला ठेवून लिहायची सवय नसेल तर हातात कागद घेऊन खुणा करत वाचणाऱ्या मुलाची पहिल्या निबंधातच पंचाईत होते.

सिंथेसिसच्या निबंधाकडे बहुतेक शिकवण्या दुर्लक्ष करतात, कारण तो सोपा वाटतो. सहा सोर्स दिलेले असतात, त्यातले किमान तीन वापरायचे. दोनच वापरले तर एव्हिडन्सच्या ओळीत 1 च्या वर जाता येत नाही, बाकी निबंध कितीही चांगला असो. 2021 मध्ये विषय होता आजच्या शाळांत हस्ताक्षर शिकवण्याला कितपत जागा असावी. मुलं सहसा एका परिच्छेदात एक सोर्स मांडतात आणि निबंध सारांशांची माळ होऊन बसतो. उपाय असा: परिच्छेदाचं पहिलं वाक्य कुठल्याही सोर्सचं नाव न घेता स्वतःचा दावा मांडणारं असावं, आणि त्याखाली दोन सोर्स एकमेकांसमोर उभे करावेत, एक दुसऱ्याला पुष्टी देणारा किंवा काट मारणारा. वाचनाच्या 15 मिनिटांत प्रत्येक सोर्सला सुमारे दोन मिनिटं द्यायची आणि उरलेल्या तीनेक मिनिटांत दावे ठरवायचे. ट्यूटरने हे घड्याळ लावून एकदाही करून घेतलं नसेल तर वाचनाची 15 मिनिटं सोडूनही सिंथेसिसवर मुलाची 55 मिनिटं जातात आणि तिसरा निबंध एका परिच्छेदावर संपतो. तिथे गेलेले दोन-तीन गुण म्हणजे 6 ते 9 टक्के.

आर्ग्युमेंटच्या निबंधात सोर्स नसतात, उदाहरणं स्वतःची आणायची. इथे आपल्या मुलांची एक विचित्र अडचण दिसते: परीक्षक अमेरिकन, मग उदाहरणंही अमेरिकन हवीत, असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नाही. फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींसाठी काढलेली शाळा किंवा 1927 चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह ही उदाहरणं उत्तम चालतात. फक्त परीक्षकाला ती माहीत असतील असं गृहीत न धरता, कोण, कुठे आणि त्या काळी त्यात धाडस काय होतं, हे एका वाक्यात सांगावं लागतं. दहा ओळींचा इतिहास नको. शेकडो निबंधांत तीच ती चार नावं वाचणाऱ्या परीक्षकाला वेगळं उदाहरण आवडत असावं, हा आमचा अंदाज, पण गुण उदाहरणाला नाही, त्यावरच्या विवेचनाला मिळतात.

जाता जाता पालकांसाठी. आपल्या शाळेत निबंध सुविचाराने सुरू व्हायचा आणि 'म्हणूनच म्हटले आहे की' ने संपायचा. ती सवय मुलांच्या माथी मारू नका. एपीमध्ये अवतरणाने सुरुवात केल्याचा एकही गुण नाही, आणि 40 मिनिटांतली पाच प्रस्तावनेवर गेली तर ती विवेचनातून वजा होतात.

फीचा हिशेब करताना तासाचा दर बाजूला ठेवा आणि एका तपासलेल्या निबंधाला किती पडले ते काढा. समजा ट्यूटर तासाला 70 डॉलर घेतो आणि महिन्याच्या चार तासांत चार निबंध शेऱ्यांसह परत येतात, तर निबंधाला 70 पडले. क्लासची महिन्याची फी 240 आणि महिन्यात एकच निबंध नीट तपासला, तर तोच निबंध 240 ला पडला. स्वस्त कोण ते बघा. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बारा ते पंधरा निबंध, तिन्ही प्रकारांत वाटलेले, आणि त्यातल्या प्रत्येकातला किमान एक परिच्छेद पुन्हा लिहिलेला, एवढं आमच्या मते बहुतेक मुलांना पुरतं. त्यापेक्षा जास्त तासांचं पॅकेज विकणाऱ्याला, ते तास नेमके कशात जाणार, हे लेखी विचारावं. पूर्ण हंगामाची फी एकदम भरू नये, चार आठवड्यांची भरावी. चौथ्या आठवड्यातला निबंध पहिल्याशेजारी ठेवून एव्हिडन्सची ओळ सरकली का ते पाहावं. नसेल सरकली तर शिक्षक बदलावा.

एप्रिल उजाडल्यावर जाग आली असेल तर नवा क्लास लावू नका. तीन पूर्ण निबंध, ब्लूबुकमधली एक सराव परीक्षा आणि त्या तीन निबंधांची पैसे देऊन केलेली तपासणी एवढंच घ्या. पहिला निबंध मुलाला सगळ्यात जड जाणाऱ्या प्रकारातला निवडा, म्हणजे शेरे वाचून तोच पुन्हा लिहायला एक आठवडा तरी हाताशी राहील.